हुफूफ स्टेशनसमोर

रियाधहून मला अडीच तास, दम्मामहून त्याला सव्वा.
बरोबर मधोमध नाही हे गाव,
पण त्याच्या कॅम्पची बस गुरुवारी उशिरा सुटते,
म्हणून लांबचा पल्ला माझ्याकडे.
महिन्यातून एकदा, एका रात्रीचे एकशे तीस रियाल,
निम्मे निम्मे.

हॉटेलच्या पाटीतली दोन अक्षरं विझलेली.
काउंटरला सुदानी इद्रीस,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
पहिल्या खेपेला त्यानं कागद मागितला
नवराबायको असल्याचा.
आम्ही दिला. लॅमिनेट केलेला,
सांगली मिरज आणि कुपवाड महानगरपालिका,
पाठीमागं अरबी भाषांतर, वर तीन शिक्के.
अरबीत प नाही.
तेव्हा माझं लग्न लागलं कुबवाडला,
बोबट नावाच्या माणसाशी.

इद्रीसनं ते मोठ्यानं वाचलं
आणि पोपटनं शाळेतल्यासारखा हात वर केला.
तेव्हापासून त्या खोलीत तो बोबट.
बोबट, टॉवेल दे.
बोबट, घोरतोयस, कुशीवर वळ.
कॅम्पात त्याला पोपटही कुणी म्हणत नाही,
तिथं हेल्मेटवरचा नंबर.

दोन सुट्या खाटा आम्ही जोडायचो,
त्या रात्रभर सरकत राहायच्या, मध्ये फट,
एकदा माझं जोडवं त्या फटीतून गेलं
आणि दोघं पालथे पडून मोबाइलच्या उजेडात शोधत बसलो,
आधी चिडून, मग हसून, मग तसेच फरशीवर.
छतावर हिरवा बाण, किब्ल्याचा.
बोबट म्हणायचा, ह्याच्या शेपटीकडं मिरज.
किटलीत अंडी उकडायचो. चोरून.
खिडकी उघडत नाही, पण काचेला कान लावला
की मालगाडीचे डबे मोजता येतात.
तो मोजायचा. माझं बोलणं अर्ध्यावर ठेवून मोजायचा.

या खेपेला गाडी वाळवंटात असताना मेसेज आला,
प्लांटचं शटडाउन, रजा रद्द, सॉरी.
माझं परतीचं तिकीट शनिवारचं.

इद्रीस माझ्या मागं दाराकडं बघत राहिला.
"बोबट?"
मी मान हलवली.
त्यानं कागद मागितला नाही,
किल्ली दिली, आणि बशीत खलास खजूर,
दोघांना देतो तेवढेच.

वाटलं होतं, रडू येईल.
चप्पल काढली, खाटा जोडल्या, सवयीनं,
आणि आडवी पडले दोन्हींवर,
फट बरोबर कमरेखाली.
अकरा तास.
वॉर्डातली घंटा नाही,
सलाईन संपल्याची टिटी नाही,
रूममेट जिन्सीचा साडेचारचा गजर नाही,
पाठीला कुणाचं कोपर नाही.
उठले तेव्हा गालावर उशीच्या शिवणीचा वळ
आणि उन्हाचा पट्टा भिंत ओलांडून दाराशी.
सगळे खजूर खाल्ले.
बिया बशीच्या कडेनं मांडल्या, त्याचे धरून चौदा.
गरम पाणी संपेतो न्हाले,
मग ते तापायची वाट बघून परत न्हाले.
मालगाडी गेली. मी मोजली नाही.

दुपारी फोन.
"झोप लागली का गं?"
"कुठली लागतेय," मी म्हणाले.
त्यानं सुस्कारा सोडला,
त्यात वाईट वाटणं होतं आणि थोडं बरं वाटणंही.
"मलाबी नाही," म्हणाला,
आणि मागं भांड्यांचा आवाज, पत्ते पिसल्याचा आवाज,
कुणीतरी हसलं, त्यानं हातानं फोन झाकला.
मी काही विचारलं नाही.

रविवारी त्यानं एका रात्रीचे पासष्ट रियाल पाठवले.
मी परत पाठवले.
का म्हणून विचारायला लागला,
हिशेब म्हणजे हिशेब, ठरलंय आपलं.
असू दे, म्हटलं,
असू दे, बोबट.