दोन वाजून दहा

बाजारातून आले की मी आधी मागच्या दारी जाते.
लिंबाची साल, साबण, पुन्हा साबण.
नखाखाली इसवणाचा एखादा खवला राहिला असेल
म्हणून जुन्या ब्रशने बोटं घासते.
साडी तिथेच बादलीत, खुंटीवरचा गाऊन अंगात.
तोवर तन्वेश आतून दार बडवत असतो
आणि मी त्याला अजून उचलू शकत नाही.

शिवोलीच्या बाजारात माझी टोपली सगळे ओळखतात.
कुठला बांगडा आजचा, कुठला बर्फातला,
मी कल्ला न उघडता सांगते.
माझ्याच पोराला उष्टावणाच्या दिवशी
सासूने कौतुकाने हुमणाचं बोट लावलं
तर ओठ फणसाच्या गऱ्यासारखे फुगले.
बांबोळीपर्यंत रिक्षात मी त्याचे श्वास मोजले.
दोनदा चुकले, पुन्हा एकपासून सुरू केले.
त्यानंतर नवरा चार दिवस ट्रॉलरवर गेला नाही,
अंगणात फाटकं जाळं घेऊन बसला
आणि ते शिवलंही नाही.

फुर्तादबाईंनी कागदावर लिहून दिलं :
मासळी नको. अंडं नको. गाईचं दूध नको. शेंगदाणा नको.
तो कागद फ्रिजवर आहे, कोपरे पिवळे पडलेत.
उरली उकड्या तांदळाची पेज,
नाचण्याची तिजन गूळ घालून,
मूग, दुधी, मयड्याचं केळं उकडून.
अंगणवाडीत त्याच्या डब्यावर
मी लाल नेलपॉलिशने फुली मारली आहे.
त्याला वाटतं, ते फूल.

ताप आला की पेजही जात नाही.
महिन्यातून दोनदा छातीत मांजर घुरघुरतं,
वाफेच्या मशीनचा मास्क तो लाथा मारून काढतो,
आणि नेमकी तेव्हाच वीज जाते.
गिऱ्हाइकं सुरमई दाबून बघता बघता सल्ला देतात :
फेणी चोळ. दृष्ट काढ.
थोडं थोडं दे गो, सवय होते.
मी तराजूकडे बघते.
गेल्या चवथीला नऊ किलो होता,
या चवथीला नऊ किलो दोनशे.
दोनशे ग्रॅम म्हणजे किती, ते मला विचारा.
दोन मध्यम बांगडे.

परवा फुर्तादबाईंनी तो कागद मागितला.
चष्मा वर करून म्हणाल्या, हे नारळाचं कुणी लिहिलं?
खाली, वेगळ्या शाईत, वाकडं :
नारळ नको.
अक्षर माझं होतं.
कधी लिहिलं ते आठवेना,
एखाद्या रात्री, पुरळ कशाचं ते न कळून
जे जे घरात होतं त्याच्यावर मी फुली मारत गेले असणार.
त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या,
ताप नसेल तेव्हा, दिवसा, एक चमचा रस.
अर्धा तास नजर हलवू नकोस.
औषध हाताशी ठेव, रिक्षावाल्याला सांगून ठेव.

दीड वर्षांत आमची आडोळी गंजली होती.
शेजारच्या इस्पेरांसाची मागून आणली,
अर्ध्या कवडीचा रस काढला, फडक्यातून दोनदा गाळला.
एक चाळीसला पेजेत एक चमचा.

त्याने चाटलं, आणि माझ्याकडे असं बघितलं
जसं मी हे इतके दिवस कुठे लपवलं होतं.
मी त्याची बाही वर केली. मान बघितली. पोट.
एक पन्नास. पंखा कुरकुरतोय.
दोन. कानाच्या पाळीला लाल. नाही, तो कान चोळत होता.
दोन पाच. रिक्षावाल्या उल्हासने दारातून विचारलं, जायचं?
मी हात वर केला, थांब.

दोन वाजून दहा.
पोरगं वाटी आपटून म्हणतंय, आनीक.
मी म्हणते, आज नाही रे बाबा, उद्या दोन,
आणि त्याला काही पटत नाही,
ओठ काढून रडतो, साधं, भुकेचं रडणं,
ऐकून मला बसावंच लागलं जमिनीवर.

उल्हासला चहा द्यायला हवा.
इस्पेरांसाची आडोळी परत करायची राहिलीये.