शून्याचा रकाना

शेफिक म्हणायचा, शून्यसुद्धा लिहायचं असतं.
रकाना मोकळा ठेवला
तर वाटेल आपण आलोच नव्हतो.

बुर्दूरचं तळं दरवर्षी थोडं मागे सरकतं.
गाडी आम्ही त्याच जुन्या धक्क्यापाशी लावतो,
पायपीट तेवढी लांबत जाते.
पांढऱ्या खारट चिखलात
बोटींना बांधायच्या कड्या अजून आहेत,
बांधायला काही नाही.

दुर्बीण दोघांत एक.
त्याच्याकडे पंधरा मिनिटं, माझ्याकडे पाच,
कारण थर्मास माझ्याकडे.
चांदवे चार हजार दोनशे.
टिबुकल्या एकोणनव्वद.
वेताच्या एका खुंटाला दोनदा बगळा म्हणालो,
दोनदा खोडलं.

आम्हाला हवं होतं ते एकच बदक,
शेपूट ताठ उभी धरून पोहणारं.
पुस्तकात त्याची चोच निळीशार असते,
दौतीत बुडवून काढल्यासारखी.
'जानेवारीत निळं शोधू नकोस, नेझिहे,' तो सांगायचा,
'थंडीत रंग उतरतो. शेपूट बघ.'

नवव्या वर्षी ओढ्याच्या तोंडाशी
त्याचा बूट चिखलात रुतला.
तो एका पायावर उभा राहून
नगराध्यक्षाच्या सात पिढ्या काढत होता.
दुर्बीण माझ्याकडे होती.
आणि ते होतं.
राखाडी पाण्यावर राखाडी,
शेपूट मात्र वर्गातल्या एकाच मुलाला उत्तर यावं
तसं वर केलेलं बोट.

मग बुडी.
मी चाळीसपर्यंत मोजलं, पुन्हा चाळीस.
तोवर बूट निघाला होता.
'काही?' त्याने विचारलं.
मी चहा ओतला.

का नाही सांगितलं ते अजून नीट कळत नाही मला.
नऊ वर्षं वाट त्याने पाहिली होती,
मी नुसती सोबत आलेली.
रकान्यात त्याने शून्य लिहिलं,
मी ते वाळेपर्यंत बघत राहिले,
पेन्सिलीचं असूनही.

आता त्याच्या डोळ्यांवर साय आलीये.
तो गाडीत बसतो, मांडीवर वही, हीटर चालू.
मी एकटीच चालत जाते, मोजून येते,
काच खाली करून तो आकडे घेतो.

यंदा चांदवे अकराशे.
टिबुकल्या सतरा.
ओढा कोरडा, त्याच्या तोंडाशी एक टायर.

'आणि आपलं?'
वारा होता. माझे ओठ फुटले होते.
'एक,' मी म्हणाले.

पेन्सिल हलली नाही.
'शेपूट?'
'ताठ.'
'कुठे?'
'ओढ्याच्या तोंडाशी.'

तो बराच वेळ हीटरची जाळी चाचपत राहिला.
मग म्हणाला,
'ते त्या वर्षीचं, नेझिहे.
या वर्षीचं सांग.'

मी सांगितलं.
त्याने अंदाजाने लिहिलं,
भलंमोठं, गोल,
शेजारच्या रकान्यात शिरलेलं,
जिथे शेरा लिहायचा असतो.