थकबाकी, नववा मजला

रुस्तावीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट
नाणं टाकल्याशिवाय हलत नाही.
दहा तेत्री, अंगठ्याच्या नखाएवढं नाणं.
म्हणून अकरा दिवस मी खाली उतरलो नाही,
असं सांगता येईल कुणी विचारलं तर.
जिना आहे. दीडशेवर पायऱ्या.
तेही खरंच.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी अंथरुणाबाहेर पायच काढलेला नाही.

फोन राजम्याच्या बरणीत खुपसून ठेवलाय.
वाजला की दाणे काचेवर तडतडतात,
सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत.
त्या मुलीचा आवाज फार गोड आहे.
‘बातोनो जुम्बेर’ म्हणते, अगदी अदबीनं,
वडिलांनंतर मला एवढं आदरानं
कुणीच हाक मारली नव्हती.

सुरुवात आईच्या खुब्यापासून झाली.
नवा सांधा बसवला. चांगला बसला.
सात महिने चालली ती त्याच्यावर, मग गेली.
सांध्याचे हप्ते चालत राहिले.
ते भरायला दुसरं कर्ज,
पंधरा मिनिटांत मिळणारं, फोनवरचं.
ते झाकायला तिसरं.
लामारा बारीला गेली, इटलीत,
तिथं कुणा परक्या म्हातारीला अंघोळ घालते,
पैसे पाठवते, विचारते, किती राहिले?
थोडे, मी म्हणतो.

आधी हप्ते थकले.
मग मी.
दोघांना एकच शब्द पुरला.

चहाचा कप मोरीपर्यंत न्यायचा,
हे सकाळी ठरतं.
संध्याकाळी कप तिथंच असतो, मीही.
बाल्कनीचं दार आतून बांधून घेतलंय,
कपड्यांच्या दोरीनं, सात गाठी मारून.
का, ते लिहीत नाही.

बाराव्या दिवशी दार वाजलं.
वसुलीवाले, मला वाटलं. होतीही वसुलीच.
चौथ्या मजल्यावरची त्सित्सिनो,
पोलाद कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवलेली.
‘माझं पातेलं,’ म्हणाली,
‘तुझ्या आईच्या दिवसांत दिलेलं.’
पातेलं शोधता शोधता तिला पाकिटं सापडली.

चीज कापायच्या सुरीनं तिनं ती फोडली
आणि माझ्या हातात दिली एकेक.
‘शब्द वाचू नकोस. आकडे तेवढे वाच.’
गॅसबिलाच्या पाठीवर बेरीज केली.
तीनदा केली. तिन्ही वेळा वेगळी आली.
मधली धरू, म्हणाली.
एकोणीस हजार चारशे लारी.
मी वाट पाहिली,
आता म्हणेल, देव आहे. म्हणेल, एवढंच?
‘बरंच आहे की रे,’ एवढं बोलली
आणि चष्मा पुसत बसली.

इतके दिवस ते धुक्यासारखं होतं घरभर,
कुठं हात लावावा कळत नव्हतं.
आता ते गॅसबिलाच्या पाठीवर होतं,
वाकड्या अक्षरात,
खाली दोन रेघा.
कमी झालं नव्हतं काहीच.

मग तिनं बरणी रिकामी केली,
राजमा भिजत घातला.
फोन टेबलावर उघडा पडला, थरथरला.
मी हात मागे घेतला. तिनं उचलला.
‘बातोनो जुम्बेर जेवतोय.
उद्या दहाला तो स्वतः फोन करेल.’
मी असं म्हटलं नव्हतं.
जेवतही नव्हतो.

सकाळी दहाला केला. हप्ता लांबवायला फॉर्म असतो म्हणे.
तो आणायला, आणि येताना पॉलिक्लिनिकमध्ये,
तिथल्या डॉक्टरला अकरा दिवस सांगायला
आम्ही खाली उतरलो.
लिफ्टमध्ये नाणं तिनं टाकलं.
‘परत दे,’ म्हणाली.
‘घाई नाही. पण दे.’

पातेलं न्यायला ती विसरली.
की नाही विसरली.

रात्री बारा दिवसांचा शर्ट अंगातून फेडला,
धुतला.
दोरी अजून दारालाच आहे.
शर्ट खुर्चीच्या पाठीवर वाळतोय,
थेंब थेंब, आईच्या गालिच्यावर.