न उजाडलेला सोमवार

नोल्फा, तू विचारलंस म्हणून सांगतो.
पहिलं म्हणजे मोजे ने. जाड.
पाय सुजतात. उतरताना बूट परका वाटतो,
रात्रीतून कुणी एक नंबर लहान आणून ठेवल्यासारखा.

खुर्ची वीतभर, तीत तेरा तास.
सान्तियागोचे दिवे मावळायच्या आत
पुढचा माणूस तुझ्या गुडघ्यांवर रेलतो.
रागावू नकोस.
त्याच्या गुडघ्यांवरही कुणीतरी रेललेलं असतं.

मधल्या खुर्चीला दोन्ही हात मिळतात म्हणे.
मला कधी मिळाले नाहीत.
या खेपेला उजवीकडे सेमिसी होता, टोंगाचा,
दाराएवढे खांदे.
बसल्या बसल्या त्याने खांद्यांबद्दल माफी मागितली,
अंग चोरून बसला,
आणि झोपेत सगळं परत घेतलं.

जेवायला चिकन किंवा पास्ता.
गाडी आपल्या ओळीशी येईतो नुसता 'किंवा' उरतो.
लोणी दगड असतं. मांडीखाली धर,
हसू नकोस, पाच मिनिटांत वळतं.
पाणी मागून घे.
मग संडासाची रांग आलीच.
तिथे सगळे सारखे, विस्कटलेले, मोज्यांवर उभे,
कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नाही.

समोर पडद्यावर नकाशा असतो, तो बघू नकोस.
निळं, निळं,
आणि मधे एखाद्या देशाहून मोठं काढलेलं विमान.
मी अख्खा सिनेमा संपवला,
विमान तिथेच.

खिडकीशी एदुविहेस बाई.
एकाहत्तर वर्षांच्या, चिय्यानकडच्या,
मुलीकडे निघालेल्या. जावई तिकडे गाई राखतो.
पर्स मांडीवर. वर ठेवू का, विचारलं,
तर म्हणाल्या, वर गेलेलं परत मिळतं का?

मग विचारलं, आपण मंगळवारी उतरणार?
हो, पहाटे.
म्हणजे सोमवार कुठे गेला?
मला तिसऱ्या खेपेला जे कळलं तेवढंच सांगितलं:
आपण अंधाराच्या जोडीने धावतोय.
सोमवार आहे, आत्ता चालूच आहे,
फक्त उजाडणार नाही.
पुढे समुद्रात एक रेघ येते, दिसत नाही,
ती ओलांडली की मंगळवार.

बराच वेळ गप्प होत्या.
सोमवारी सात तारीख, म्हणाल्या.
बाल्दोमेरोला जाऊन नऊ वर्षं.
सात तारखेच्या सकाळी मी मेणबत्ती लावते.
तिकीट मुलीने काढलं, तिच्या ध्यानात नव्हतं,
मीही बोलले नाही. स्वस्त पडत होतं.

पर्स उघडून दाखवली.
बोटाएवढी मेणबत्ती, अर्धी जळलेली.
काडेपेटी विमानतळावर काढून घेतली होती.

मी काय बोलणार?
खुर्चीच्या दांडीत दोन बटणं असतात, नोल्फा.
एकाने दिवा लागतो, दुसऱ्याने माणूस येतं.
बाईंनी आधी चुकीचं दाबलं.
सुंदरी आली, तोंडदेखलं हसली,
बाईंनी घाबरून पाणी मागितलं.
मग दुसरं दाबलं.

बशीएवढा उजेड
त्यांच्या मांडीवर, पर्सवर,
न पेटलेल्या वातीवर.

मागून कुणीतरी ओरडलं, दिवा!
सेमिसी जागा झाला. डोळ्यांवरची पट्टी वर सारून बघितलं,
काही विचारलं नाही.
मान वळवून मागे एकदाच बघितलं, दाराएवढ्या खांद्यांनिशी.
मागचा गप्प झाला.
मग पट्टी काढून खिशात घातली, मान खाली घातली,
आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिला.

रेघ कधी गेली, कळलं नाही.

ऑकलंडला उतरायच्या आधी सफरचंद खाऊन टाक,
खिशात राहिलं तर दंड होतो.
कागदावर खाली सही आणि तारीख मागतात.
बाई माझ्यापुढेच होत्या रांगेत.
त्यांनी सात लिहिली.
अधिकाऱ्याने काही न बोलता
खोडून आठ केली.