नियमाची जागा

सियागंजात, फखरुद्दीन सेठच्या पेढीवर,
मिरचीच्या गोदामावरच्या खोलीत माझा संगणक.
खिडकीला ओला पंचा लावते,
तरी कीबोर्डच्या फटीत हळद.

तो नियम वहीत कधीच नव्हता.
मुनीम घीसालालजींच्या जिभेवर होता:
झाबुआ-थांदल्याकडच्या गिऱ्हाइकांना
भगोरिया उरकेपर्यंत व्याज नाही, तगादा नाही.
का? तर, "उधर का ऐसा ही है."

माझ्याआधी इथे रेगे होता.
त्याने नियम बटणाच्या पोटात ठेवला.
"बिल काढा" दाबलं की जागा व्हायचा,
गाव बघायचा, महिना बघायचा, व्याज गिळायचा.
आठ वर्षं कुणाला पत्ता नाही
की पेढीची माणुसकी एका हिरव्या चौकोनात राहते.

मग आम्ही ॲप केलं.
नवं बटण. पोट रिकामं.

फाल्गुनात एका रात्री दोन वाजता
थांदल्याच्या नानूराम डामोरच्या फोनवर गेलं:
व्याज रुपये चारशे बारा. त्वरित भरा.
तो सकाळच्या बसने आला.
भांडला नाही. नोटा मोजून गल्ल्यावर ठेवल्या,
चिल्लर वेगळी. पावती मागितली.
पाणी दिलं, ते प्यायला नाही.

त्या रात्री मी उकरत बसले.
तोच नियम तळघरातही निघाला, डेटाबेसच्या एका ट्रिगरमध्ये,
कुणीतरी धार जोडलेला, झाबुआ गाळलेला;
अंधारात आकडे बदलत होता,
इमानाने, चुकीचे.
तिसरी प्रत अहवालात.
म्हणून मार्चअखेर अकरा रुपये जुळत नसत
आणि आम्ही त्याला राउंडिंग म्हणायचो.

दारात ठेवावा, तर दारं बदलतात.
तळघरात ठेवावा, तर दिसत नाही,
आणि जे दिसत नाही त्याला कोण जाब विचारणार?
मी मध्ये एक खोली काढली.
स्क्रीन कसला, तक्ता कुठला, तिला ठाऊक नाही.
बिल येवो, ॲप येवो, अहवाल येवो,
प्रत्येकाने इथेच येऊन विचारायचं,
याला व्याज लावू का?

फंक्शनला नाव दिलं भगोरिया, देवनागरीत.
कंपायलरने कुरकुर केली नाही.
घीसालालजींना वर बोलावलं. चष्मा कपाळावर सारून
सगळ्या पडद्यावरचा तेवढा एक शब्द त्यांनी वाचला,
बोट ठेवून.
मग म्हणाले, "और तारीख?"

तारीख दर साली वेगळी,
गावागणिक हाटाचा वार निराळा.
कुठे लिहून ठेवलीय?
कुठेच नाही. ते थांदल्याला फोन करतात.
कुणाला?
नानूरामला.

चारशे बारा रुपये त्याच्या खात्यात परत टाकलेत.
कोडमध्ये शेराही टाकलाय: तारीख विचारून भरावी.
पुढे त्याचा नंबर.
हा कुठल्या थरात बसतो, मला सांगता येत नाही.

फोन अजून केलेला नाही.