सात आणि चौदाच्या मध्ये

इन्व्हरकार्गिलला शनिवारी वारा असा येतो
की शटर अर्धंच उघडते मी.
त्याच फटीतून वाकून आत येतो रावीरी टोमोआना,
सलग तिसरा शनिवार,
अंगाला दुधाच्या टँकरचा आंबूस वास,
हातात चीज रोलची कागदी पिशवी.
"ठरलं?"
"जवळजवळ," म्हणतो, आणि पुन्हा काउंटरपाशी उभा.

काउंटरवर पितळी झडप, अंगठ्याएवढी, चाळीस डॉलर.
पान्याने फिरवायची, बॉनेट उघडून, थंडीत,
हवा बदलली की परत.
शेजारी नवाकोरा कंट्रोलर, रंगीत पडद्याचा,
प्रत्येक गिअरला वेगळा दाब, फोनलाही जोडता येतो.
किंमत ऐकून तो बाहेर बघतो.
आणि एक, जपानहून आलेल्या मोडक्या गाडीतून काढलेला,
मेनू सगळा जपानी,
कोपऱ्यात मागच्या मालकाने चिकटवलेला हिरवा बेडूक.

मी समजावते, जसं सगळ्यांनाच समजावते:
टर्बो म्हणजे दुसरं काही नाही रे,
इंजिनाचा उच्छ्वासच वळून त्याच्या श्वासाला ढकलतो.
ढकलतो म्हणून वाढतो, वाढला की अजून ढकलतो.
आपणहून थांबणं त्याच्या स्वभावात नाही.
म्हणून बाजूला एक छोटं दार,
दाराला स्प्रिंग. सात पाउंडाला ती म्हणते, पुरे.
हा डबा काय करतो?
तिच्यापर्यंत पोचणारी बातमी गाळतो.
सेकंदाला तीसदा टिकटिकत सोलेनॉइड सांगत राहतो:
अजून कुठे सात, आत्ता तर पाचच,
आणि तोवर आत चौदा झालेले असतात.

"म्हणजे खोटं बोलतो."
मोजून बोलतो, मी म्हणते.
झडपही बोलते, पण तिला मोजता येत नाही.

मग खालचा ड्रॉवर उघडते.
त्यात माझा पिस्टन आहे,
मी एकोणीस वर्षांची होते तेव्हाचा,
कड मेणबत्तीसारखी ओघळलेली, मधे भोक.
बावीस पाउंड. ऑगस्टमधली रात्र. घरी जायची घाईसुद्धा नव्हती.
बाकी काही सांगत नाही.
तो भोकात बोट घालून बघतो.

आता विचारेल, सगळ्यात जास्त किती?
सगळे तेच विचारतात.

"खरं सांग, लिनेट," तो म्हणाला,
"आमच्या टँकरला नव्वदचं कुलूप आहे.
कुणीतरी ऑफिसात बसून लावलेलं, मी त्याला कधी पाहिलं नाही.
चौदा वर्षं रोज रात्री माझा पाय तळाला टेकतो
आणि पुढे काहीच होत नाही.
यातलं असं कुठलंय
की कुलूप असेल,
पण आकडा मी घालेन?"

बेडूकवाला डबा मी पुढे सरकवला.
"बेडूक काढू?"
"असू दे. त्याचं काय खातोय?"

दुपारी ब्लफचा रस्ता, एका अंगाला राखाडी पाणी.
तो चाकावर, माझ्या मांडीवर लॅपटॉप.
आठ.
नऊ. पेट्रोल पुरतंय, ठोका नाही.
दहाला क्लच जरासा कुरकुरला, मग गप्प झाला.
अकरावर काटा चढला आणि उभा राहिला
खांबावरच्या सीगलसारखा, वाऱ्यात, न हलता.
"बारा टाकू?"
उत्तर नाही. नुसता रस्ता आत येत होता.
बऱ्याच वेळाने:
"सात आणि चौदाच्या मध्ये
एवढी जागा असते?"

अकरावरच ठेवलं त्याने.
परतताना मात्र गाडी नव्वदनेच चालवली,
सवयीने असेल, मी विचारलं नाही.
नऊला त्याची पाळी होती.

चीज रोलची पिशवी काउंटरवरच राहिली.
गरम करून एक खाल्ला, मग दुसराही.
पिस्टन ड्रॉवरमध्ये परत ठेवायचा राहून गेला,
तो सोमवारी ठेवला.