छत्तीस इंच

आधी तराफा कागदावर उतरवला.
निळे ड्रम आठ, चार अलीकडं, चार पलीकडं,
वर निलगिरीच्या फळ्या,
दोन माणसं, जाळं, बर्फाची पेटी.
सगळं मिळून साडेचारशे किलो.
हिशेब म्हणाला, तीस पौंडांची मोटर पुरे.
रंजनाताई म्हणाली,
हिशेबाला गंगावऱ्ह्याचा वारा ठाऊक आहे का?

म्हणून पंचावन्न. बारा व्होल्ट.
पेट्रोलचं नावच नको, अर्धं नाशिक हेच पाणी पितं.
मला हवी होती पायानं वळणारी,
पडदा असलेली, सांगितल्या जागी आपोआप थांबणारी.
मी सातपूरला सेकंड शिफ्टला
असल्याच पडद्यांपुढं उभा असतो.
ताईनं एवढंच विचारलं,
बिघडली तर इथं उघडणार कोण?
बचत गटाचं कर्ज तिच्या नावावर.
हाताच्या मुठीची घेतली.
पुढं जायला पाच वेग, मागं यायला तीन.

राहिली नळीची लांबी. तीस की छत्तीस?
मी टेप काढला. फळीपासून पाणी दहा इंच,
पंखा पाण्याखाली फूटभर हवा,
वर पकडीला जागा, शिवाय लाटेचं काही धरायचं का...
तोवर सुकदेवबाबा फळीवर पालथे झाले
आणि उजवा हात धरणात सोडला.
हा तोच हात. चाळीस वर्षं वल्हं मारून
खांद्यात गंजलेला,
टोपी घालायलाही वर जात नाही.
खाली जायला मात्र कुरकुरला नाही.
कोपर बुडालं तेव्हा म्हणाले,
लाट इथं संपती. ह्याच्या खाली फिरव तुझा पंखा.
मग ओल्या हातावर डाव्या हाताची वीत टाकत आले:
बोटांपासून खांद्यापर्यंत तीन,
चौथी फळीवरच्या ठोकळ्यापर्यंत.
चार विती.
माझा टेप सर्रकन आत गेला,
जरा जास्तच आवाज करत.

पहिल्यांदा मागं बसवली, नावेला असते तशी.
अंबडच्या भंगारातली सहा मिलीची पाटी,
स्टेनलेसचे चार बोल्ट, न सुटणारे नट,
मधे ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा, थरथर खायला.
सोळा स्क्वेअरची वायर. बॅटरीशेजारी फ्यूज.
मूठ फिरवली.
तराफा दहा हात सरळ गेला,
मग वाऱ्यानं त्याचं नाक धरलं:
गिरणाऱ्याकडं तोंड, मग धरणाच्या भिंतीकडं,
मग पुन्हा आमच्याकडंच.
म्हशी धुणारं पोरगं खिदळलं.
बाबा काठावर, तोंडात गवताची काडी.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
बैल गाडीच्या मागं जुंपतं का रं कुणी?

पुन्हा भोकं पाडली, पुढच्या आडव्या लाकडात.
मागच्या चार भोकांत एम-सील भरलं,
पण ती दिसतात. दिसू देत.
मोटर पुढं, बॅटरी मागं, तराफा समतोल.
आता ती आम्हाला ओढत होती,
वारा बाजूनं येऊन बडबडून जात होता.

वल्हं बाबांनी सोबत घेतलंच.
मांडीवर आडवं, हात त्यावर ठेवलेला.
पलीकडं द्राक्षांच्या मांडवांवर ऊन उतरत होतं.
मोटर चालू आहे की नाही
हे कळायला मला पाण्यात बघावं लागत होतं.
बाबा अस्वस्थ.
म्हटलं, खांदा दुखतोय का?
नाही म्हणाले.
सव्वादोनशे वल्ही, मग डावीकडं,
मग बुडालेल्या बाभळीचा शेंडा, तिथं माझं जाळं.
आता कशात मोजू?

मी वेग तिसऱ्यावर आणला.
म्हटलं, मिनिटं धरू या, घड्याळ आहे माझ्याकडं.
त्यांनी उत्तर दिलं नाही.
ओठ हलत होते,
वल्ह्यावरचं बोट उठत होतं, टेकत होतं,
नेहमीच्या चालीनं, बहुतेक.
किती झाली बाबा?
गप. मोजू दे.